अनुभव धागा : ‘पित्त झालंय’ म्हणून अंगावर काढलेला जठराचा कॅन्सर

जठराचा कॅन्सर आपल्याकडे बरेचदा ‘पित्त’ या नावाखाली वाढत राहतो. या कामात रोज असणाऱ्यांनी लिहा. नेमकं लिहा, काढे नकोत.

दुर्बीणवाला
आधी गोळीचं. पॅन्टोप्राझोल, ओमेप्राझोल या आम्ल कमी करणाऱ्या गोळ्या चालू असताना कॅन्सरचा व्रणही वरवर भरून येतो. जळजळ थांबते, पेशंट खूश. म्हणून अपचनासोबत वजन उतरणं, घास अडकणं, वारंवार उलट्या, चार घासांत पोट गच्च होणं किंवा हिमोग्लोबिन घसरणं यांपैकी काहीही असेल, तर गोळ्यांचा महिना पुरा होण्याची वाट बघू नका. एंडोस्कोपी करा, म्हणजे तोंडातून दुर्बीण घालून जठर आतून बघणं.

व्रण दिसला की लॅबसाठी (बायोप्सी) ६ ते ८ तुकडे घ्यावे लागतात, तेही कडेचे. मधल्या पांढऱ्या भागात मेलेल्या पेशी असतात, लॅबला त्यातून फारसं कळत नाही. तुकड्यांत कॅन्सर नाही असं आलं तरी ६ ते ८ आठवड्यांनी परत बघायचं, व्रण खरंच भरला का ते.

काचपट्टी
वरच्यांना जोडून. एक प्रकार अस्तराखालून पसरतो. वरून सगळं गुलाबी, गुळगुळीत. पण हवा भरली तरी जठर फुगत नाही, चामड्याच्या पखालीसारखं ताठ राहतं. वरवरचा तुकडा इथे हमखास फसवतो. एकाच जागी तुकड्यावर तुकडा घेत खोल जावं लागतं. दुर्बीण करणाऱ्याने फॉर्मवर ‘जठर फुगत नाही’ एवढे तीन शब्द लिहिले तरी आम्ही लॅबवाले तुकड्याचे जास्त काप काढून काचेवर बघतो.

आणि रिपोर्टात ‘इंटेस्टायनल मेटाप्लेशिया’ (जठराचं अस्तर आतड्याच्या अस्तरासारखं होणं) दिसलं म्हणजे कॅन्सर नव्हे. जुनी सूज, झिजलेलं अस्तर, मग हे, मग डिस्प्लेशिया (कॅन्सरआधीचे पेशींतले बदल), असा वर्षानुवर्षांचा रस्ता आहे. बहुतेक जण शेवटापर्यंत जात नाहीत.

ताटातलं
तिखटाला उगाच बदनाम करतात. ठोस पुरावा आहे तो मिठाविरुद्ध. मिझोराममध्ये या कॅन्सरचं प्रमाण देशात सगळ्यांत जास्त. तिथे धुरावलेलं मांस, साउम (आंबवलेली डुकराची चरबी) आणि तंबाखूचा धूर मुरवलेलं पाणी, तुइबुर, रोजचं. आपल्याकडे बोंबील बहुधा नुसता उन्हात वाळतो, खारा बांगडा मात्र मिठात मुरतो. दोन्ही एका मापाने मोजू नका. सिगारेट-विडी आहेच.

सगळ्यांत मोठा धोका हेलिकोबॅक्टर पायलोरी या जंतूचा. १९९४ पासून तो जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेच्या यादीत पहिल्या गटात, म्हणजे कॅन्सर होतो हे सिद्ध झालेल्यांत आहे. आई-वडील, भावंडांत हा कॅन्सर असेल तर तपासून घ्या. श्वासाच्या किंवा शौचाच्या तपासणीआधी डॉक्टरांना विचारून आम्ल कमी करणाऱ्या गोळ्या २ आठवडे आणि अँटिबायोटिक ४ आठवडे बंद हवीत, नाहीतर जंतू असून निगेटिव्ह येतं. जंतू मारायच्या औषधांचा कोर्स साधारण १४ दिवसांचा. संपल्यावर किमान ४ आठवड्यांनी पुन्हा तपासणी. ही दुसरी तपासणीच लोक टाळतात.

वॉर्डातून
काळ्या शौचाबद्दल. लोहाच्या गोळ्यांनी होते ती हिरवट-काळी, बांधलेली. रक्ताची डांबरासारखी चिकट, पाणी ओतलं तरी भांड्याला धरून राहते, आणि वास खोलीभर. पुरुषाला किंवा पाळी गेलेल्या बाईला लोह कमी पडलं तर टॉनिकवर भागवू नका, रक्त जातंय कुठे ते शोधा.

पसरल्याच्या खुणा हाताला लागतात : डाव्या कॉलरबोनच्या वरच्या खळग्यात टणक गाठ, बेंबीत खड्यासारखी गाठ, पोटात पाणी. रक्तावाटे जातो तो बहुधा आधी यकृतात. बायकांत अंडाशयाची गाठ म्हणून ऑपरेशन होतं आणि मूळ जठरात निघतं. पोटाच्या पडद्यावरचे खसखशीएवढे दाणे सीटी स्कॅनमध्ये सुटतात, म्हणून मोठ्या ऑपरेशनआधी लॅप्रोस्कोपीने (पोटाला बारीक छिद्र पाडून दुर्बिणीने) आत बघतात. त्याला ‘फुकटचा खर्च’ म्हणू नका. दाणे सापडले तर जठर काढण्याचा बेतच बदलतो.

दुर्बीणवाला
राहिलंच. ‘सोनोग्राफी नॉर्मल आहे’ हे रोज ऐकतो. सोनोग्राफीत यकृत, पित्ताशय, किडनी बघतात. जठराचं अस्तर त्यात दिसत नाही.