मदत हवी आहे : घरच्या व्हिडिओंना मेन्यू हवाय, पण डिस्क नको

नमस्कार मंडळी,

पंधरा दिवस एकटीच डोकं आपटतेय, म्हणून शेवटी धागा काढला. लांबलाय, सांभाळून घ्या.

घरात मिनीडीव्हीच्या (जुन्या व्हिडिओ कॅमेऱ्याच्या छोट्या टेप) ११ कॅसेट पडून होत्या. कॅमेरा धड आहे तोवर उरकून घेऊ म्हणून जुन्या डेस्कटॉपला फायरवायर केबलने जोडला आणि सगळ्या उतरवून घेतल्या. तासाभराच्या कॅसेटला १३ जीबी, म्हणजे १४० जीबीच्या वर माल झाला. त्यातून नको ते काढलं. कॅमेरा बंद करायला विसरून केलेलं जमिनीचं चित्रण भरपूर, शिवाय एका कॅसेटमध्ये तर लेन्सचं झाकण न काढताच २० मिनिटं शूटिंग चाललंय! उरले ४० तुकडे. त्यात फोनवरचे ६ नवे व्हिडिओ मिसळले. एकूण ४६.

हे बघणार आई आणि मावशी. आईला माउस चालवता येतो. पण फोल्डर उघडा, ४६ नावांतून हवं ते शोधा, डबल क्लिक करा, संपल्यावर खिडकी बंद करा, परत फोल्डर शोधा, हे तिच्याच्याने होत नाही. दुसरी फिल्म लावायची वेळ आली की मला फोन येतो. तिला आठवतं ते डीव्हीडीचं: समोर चित्रं, एकावर टिचकी मारली की ती फिल्म लागते, संपली की आपोआप परत चित्रं. मलाही नेमकं तेच हवंय. फक्त दोघींच्याही लॅपटॉपला डिस्क ड्राइव्ह नाही, त्यामुळे पेनड्राइव्हवरून चालायला हवं.

आतापर्यंत केलेले उद्योग:

डीव्हीडी बनवायचा डीव्हीडीस्टायलर हा प्रोग्रॅम वापरून बघितला. फुकट आहे, मेन्यू बनवणंही जमलं. डिस्क न जाळता नुसता फोल्डर तयार करायची सोय त्यात आहे. तो फोल्डर व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरमध्ये उघडला की मेन्यू येतो आणि बटणंही चालतात. पण चित्रं धुरकट दिसतात आणि बटणाभोवतीची चौकट करवतीने कापल्यासारखी. फोनवरचे चांगले फुल एचडी व्हिडिओसुद्धा तसेच मातकट झाले. त्यात आई फोल्डरच्या आत शिरून पहिल्या दिसेल त्या व्हीओबी फायलीवर (डीव्हीडीतला व्हिडिओ अशा फायलींत असतो) डबल क्लिक करते, मग फिल्म भलतीकडूनच सुरू होते.

मग प्रेझेंटेशन बनवून प्रत्येक चित्राला व्हिडिओ जोडला. माझ्याकडे झकास. मावशीच्या लॅपटॉपवर नुसते काळे चौकोन, कारण व्हिडिओचा पत्ता माझ्या ड्राइव्हवरचा. सगळं आत कोंबलं तर फाइल एवढी फुगली की उघडेपर्यंत चहा होतो.

पूर्वी विंडोज व्हिस्टा आणि ७ मध्ये डीव्हीडी मेकर असायचा, तो ८ पासून गेला. नाहीतरी त्यातून डीव्हीडीच निघाली असती.

तर प्रश्न असे: धुरकटपणा माझ्या चुकीमुळे आहे का? डीव्हीडीच्या साच्यात न शिरता असा मेन्यू बनवता येतो का? प्रोग्रॅमिंग येत नाही, पण सांगाल ते जसंच्या तसं टंकू शकते.

प्रतिसाद १

कोडी किंवा जेलीफिन हे घरचे व्हिडिओ मांडून दाखवणारे प्रोग्रॅम टाका. पोस्टर दिसतात, क्लिक केलं की चालू. विषय संपला.

धागाकर्ती

बघितलं. छान आहेत, पण दोन्ही लॅपटॉपवर बसवायचे, अपडेट आले की मीच धावायचं, आणि त्यांचे स्वतःचे मेन्यू एवढे की आई सेटिंग्जमध्ये हरवेल. मला पेनड्राइव्ह लावला, एक चिन्ह दाबलं, झालं असं हवंय.

प्रतिसाद २

ताई, आधी धुरकटपणाचं सांगतो. तुमची चूक शून्य. डीव्हीडी-व्हिडिओचं प्रमाणच जुन्या टीव्हीसाठी बेतलेलं. आपल्याकडच्या पाल टीव्ही पद्धतीत चित्र ७२० बाय ५७६, त्याहून एक ठिपका जास्त नाही. मेन्यूची पार्श्वभूमीसुद्धा त्याच मापाचं, एमपेग-२ या डीव्हीडीच्या पद्धतीत साठवलेलं चित्र असतं. फुल एचडी पडद्यावर ते ताणलं की धुरकटच दिसणार. आणि ती करवती चौकट म्हणजे मेन्यूवर अंथरलेला वेगळा थर असतो. त्यात एका वेळी चारच रंग बसतात, त्यातला एक बहुतेक वेळा पारदर्शक ठेवतात. कडा गुळगुळीत करायला रंगच शिल्लक राहत नाहीत. फोनचे व्हिडिओ त्याच साच्यातून गेले, म्हणून मातकट.

व्हीओबीचंही तसंच. त्या फायली १ जीबीच्या आत ठेवाव्या लागतात, म्हणून लांब फिल्म मध्येच तोडलेली असते. कापडाचे तागे समजा. कुठला तुकडा कुठून सुरू होतो ते आयएफओ नावाच्या वेगळ्या फायलींत लिहिलेलं. आई थेट ताग्याला हात घालतात, मग मधलंच कापड हाती येणार.

आता उपाय. तुम्हाला हवा तो मेन्यू दाखवणारा प्रोग्रॅम दोन्ही लॅपटॉपवर आधीच आहे: ब्राउझर. साधं एचटीएमएल पान बनवायचं. इंटरनेट लागत नाही, काही बसवावं लागत नाही, पान पेनड्राइव्हवरून तसंच उघडतं. बाहेर ते एकच पान ठेवा, आत एका फोल्डरमध्ये फिल्म, दुसऱ्यात चित्रं. पत्ते सापेक्ष लिहायचे, म्हणजे ‘या पानाशेजारच्या फोल्डरमधली अमुक फाइल’ असे. ड्राइव्हचं अक्षर पत्त्यात आलं की तुमच्या प्रेझेंटेशनसारखी गत. फायलींची नावं रोमन लिपीत, सगळी लहान अक्षरं, मध्ये जागा नको. उद्या पेनड्राइव्ह लिनक्सवर लावला तर तिथे लहान-मोठ्या अक्षरांत फरक करतात.

प्रत्येक फिल्मला वेगळं पान करू नका. पान बदललं की फुलस्क्रीन सुटतो. एकाच पानावर दोन थर ठेवा: वर चित्रांची जाळी, खाली लपवलेला एकच व्हिडिओ टॅग (पानात फिल्म दाखवणारा एचटीएमएलचा तुकडा). चित्र दाबलं की त्या टॅगला फिल्मचा पत्ता द्यायचा, जाळी लपवायची, प्ले. फिल्म संपली की टॅग ‘एंडेड’ नावाचा इशारा देतो. तो आला की व्हिडिओ लपवायचा आणि जाळी दाखवायची. तुमची ‘आपोआप परत चित्रं’ ती हीच. सुरुवातीला एक मोठं ‘सुरू करा’ बटण द्या आणि त्यावर सबंध पान फुलस्क्रीन करा, नुसता व्हिडिओ नव्हे. ब्राउझर वापरणाऱ्याने काही दाबल्याशिवाय फुलस्क्रीन होऊ देत नाही, आणि आवाजासकट फिल्मही सहसा आपणहून लावू देत नाही. इथे प्रत्येक गोष्ट क्लिकनेच होतेय, त्यामुळे ती अडचण नाही.

एक गोम आहे. फिल्मची यादी वेगळ्या जेसन फायलीत (माहिती लिहून ठेवायची साधी मजकूर फाइल) ठेवायचा मोह होईल. डिस्कवरून थेट उघडलेल्या पानाला ब्राउझर ती वाचू देत नाहीत. यादी पानातल्या स्क्रिप्टमध्येच लिहा. मी ४० ओळींचा सांगाडा व्यनितून (खाजगी निरोपातून) पाठवतो, तुम्ही फक्त नावं भरा.

प्रतिसाद ३

वरच्यांशी सहमत, पण सगळा खेळ फायलींच्या कोडेकवर, म्हणजे चित्र आणि आवाज दाबून साठवायच्या पद्धतीवर आहे. एमपी४ डब्यात एच.२६४ चित्र, ८ बिट, आणि एएसी आवाज. हे कुठल्याही चालू ब्राउझरमध्ये चालतं. कॅसेटवरच्या डीव्ही फायली ब्राउझर वाचणार नाही, त्या हँडब्रेक या रूपांतर करणाऱ्या प्रोग्रॅममधून काढाव्याच लागतील. गुणवत्ता आरएफ १८ ठेवा (आकडा लहान तेवढं चित्र चांगलं, फाइल मोठी), जागेची चणचण असेल तर २०.

आणि कृपा करून डीइंटरलेस करा! कॅसेटवर सेकंदाला २५ चित्रं असली तरी प्रत्येक चित्र दोन अर्ध्यांत, एकाआड एक ओळींत घेतलेलं असतं, म्हणजे सेकंदाला ५० अर्धी. टीव्हीला ते कळायचं. कॉम्प्युटरच्या पडद्यावर कुणी हात हलवला की कडेला कंगव्याचे दात दिसतात. हँडब्रेकच्या फिल्टर्समध्ये याडिफ किंवा बीडब्ल्यूडिफ निवडा आणि त्यात ‘बॉब’चा पर्याय घ्या. मग ५० च्या ५० हालचाली शाबूत राहतात. पळणारं मूल खरंच पळताना दिसतं, अडखळत नाही. फ्रेमरेटच्या रकान्यात ५० किंवा ‘मूळाप्रमाणे’ असल्याची खात्री करा, २५ ठेवलंत तर अर्ध्या फेकल्या जातील. अ‍ॅनामॉर्फिक (म्हणजे चौरस नसलेले ठिपके) बंद करून माप ७६८ बाय ५७६ ठेवा, नाहीतर माणसं रुंद-अरुंद व्हायची शक्यता.

मूळ १४० जीबी मात्र उडवू नका. कापलेले तुकडे सुद्धा. हार्ड डिस्क स्वस्त, कॅसेट परत वाचेल याची खात्री नाही.

प्रतिसाद ४

एवढा खटाटोप कशाला? एमकेव्हीटूलनिक्स या प्रोग्रॅमने सगळं जोडून एकच एमकेव्ही व्हिडिओ फाइल करायची, ४६ चॅप्टर (थेट उडी मारायच्या खुणा) टाकायचे.

प्रतिसाद २

चॅप्टर उत्तम, पण व्हीएलसीत ते प्लेबॅकच्या मेन्यूत खोल दडलेले असतात आणि चित्र एकही नाही. आईंनी तिथवर पोचायचं कसं? चाळीस तुकडे ७६८ बाय ५७६ चे आणि सहा फुल एचडीचे, तेही नुसते जोडून भागणार नाही. सगळे आधी एका मापाचे करा, मग जोडा.

धागाकर्ती

चार दिवसांनी येतेय. चाललं! अक्षरशः टुणकन उडी मारली मी. पण वाटेतले खड्डे लिहून ठेवते, पुढच्या कुणाला उपयोग होईल.

फोनच्या सहापैकी तीन व्हिडिओंना आवाज येई, चित्र काळं. ते एचईव्हीसी या वेगळ्या कोडेकमधले निघाले. हँडब्रेकमधून एच.२६४ केल्यावर नीट.

फोनवरचं सगळ्यात लांब रेकॉर्डिंग ५ जीबीचं. पेनड्राइव्हवर २० जीबी रिकामी असून ते चढेना. तासभर पेनड्राइव्हला शिव्या घातल्या, मग कळलं की तो एफएटी३२ पद्धतीने फॉरमॅट केलेला आहे आणि त्यात ४ जीबीहून मोठी एक फाइल मावतच नाही. एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करून घेतला.

सगळ्यात जास्त वेळ गेला चित्रांत. आधी प्रत्येक फिल्मची पहिली फ्रेम घेतली होती. निम्म्या काळ्या, बाकीच्यांत कुणाची तरी पाठ. मग व्हीएलसीत फिल्म लावून, हवा तो चेहरा आला की थांबवून, शिफ्ट आणि एस दाबून चित्र टिपलं. ४६ वेळा. बहिणीच्या शाळेच्या स्नेहसंमेलनाची फिल्म आहे, तिच्यात मी आधी सबंध रंगमंच दिसेल अशी फ्रेम घेतली. आईला ओळखूच येईना. नाच संपल्यावर बहीण पायातला बूट शोधतेय, ती फ्रेम लावली तर लगेच, ‘अगं, हा तो बुटाचा!’

आणि ४६ चित्रं एका पानावर ठेवू नका. वाचलं होतं की डीव्हीडीच्या एका मेन्यूतसुद्धा जास्तीत जास्त ३६ बटणं चालतात, पण आईला बाराच्या वर झेपत नाहीत. आता आधी सहा मोठी चित्रं, त्यातलं एक दाबलं की आतली सात-आठ.

एक अडलंय. फिल्म अर्धवट सोडून परत यायचं असलं की आई एस्केप दाबते. फुलस्क्रीन जातो, फिल्म चालूच राहते.

प्रतिसाद २

एस्केप ब्राउझर स्वतःकडे घेतो, त्याच्या भरवशावर राहू नका. डावीकडे वरच्या कोपऱ्यात ‘मागे’ असं ठसठशीत बटण टाका, माउस हलला की तीन सेकंद दिसेल असं. व्हिडिओ टॅगची स्वतःची नियंत्रणं काढून टाका, त्यातलं फुलस्क्रीनचं बटण दाबलं गेलं तर तुमचं बटण झाकलं जातं. शिवाय फुलस्क्रीन सुटल्याचा इशाराही पकडता येतो. तो आला की फिल्म थांबवून जाळी दाखवा, म्हणजे एस्केप दाबलं तरी बिघडत नाही. दोन ओळी वाढवून पाठवतोय.

धागाकर्ती

झालं, दोन्ही चालतंय. पेनड्राइव्ह मावशीकडेही पोचला.

काल दोघींचा एकत्र फोन. विचारतात, ती काळी फिल्म कुठाय? म्हटलं कुठली काळी? तर ती झाकणवाली! त्यात म्हणे सगळे पत्ते खेळत होते आणि मावशीने हुकूम लपवला होता, त्यावरून झालेलं भांडण सबंध ऐकू येतं. वीस वर्षं दोघी त्यावरून वाद घालतायत आणि पुरावा तेवढा एकच. मी तो तुकडा कापून ठेवला होता, प्रतिसाद ३ मुळे उडवला नाही. आता लावून बघितला: चित्र मिट्ट काळं, आवाज खणखणीत.

शेवटचा प्रश्न, हसू नका. सत्तेचाळिसाव्या बटणावर चित्र कुठलं लावू?

प्रतिसाद ३

काळा चौकोन, खाली ‘हुकूम’.

प्रतिसाद १

आणि मावशींनी लपवला होता की नाही ते इथे कळवा.

धागाकर्ती

लपवला होता. अकराव्या मिनिटाला स्वतःच कबूल करते.