हौशी मोटरबोटी युद्धात : कामाच्या की मिरवायच्या?

धरमपेठकर
कालच्या पोस्टमधलं एक वाक्य डोक्यात गेलं : १९१७ मध्ये अमेरिकेने श्रीमंतांच्या मोटरबोटींवर तोफा बसवल्या तो निव्वळ देखावा, पाणबुड्या किती बुडवल्या ते दाखवा. अरे भाऊ, सोसायटीच्या वॉचमनला किती चोर मारले विचारता का? बंदराच्या तोंडाशी गस्त, पाणबुडीरोधक जाळ्यांवर नजर, येणाऱ्या जहाजांची तपासणी. याला विनाशिका अडकवल्या असत्या तर व्यापारी जहाजांच्या ताफ्यांसोबत अटलांटिकमध्ये कोण गेलं असतं? काही मालकांनी तर नौदलाला कामी याव्यात म्हणूनच बोटी बांधून घेतल्या होत्या.

बर्डी_एक्स्प्रेस
ती पोस्ट माझीच. लाकडी बोट, एक-पौंडी (एक पौंडाचा गोळा टाकणारी) तोफ, एखाद-दोन मशीनगन. समोर पाणबुडी वर आली तर तिची तोफ कैक पटींनी मोठी. आणि डंकर्क काढू नका. १९४० मध्ये फ्रान्सच्या त्या किनाऱ्यावरून ३ लाख ३८ हजार सैनिक परतले, त्यातले बहुतेक विनाशिकांनी अन् मोठ्या जहाजांनी आणले. छोट्या बोटींची नुसती पोवाडे-गिरी.

विदर्भपुत्र
डंकर्क काहून, आपलं १९७१ चं बांगलादेश युद्ध घ्या ना. कोलकाता बंदराच्या दोन बोटींवर बोफोर्स तोफा चढवून 'पद्मा' आणि 'पलाश' केल्या, मुक्तिवाहिनीच्या, म्हणजे बांगलादेशी स्वातंत्र्यसैनिकांच्या दलाच्या, नौसैनिकांनी चालवल्या. मोहिमेचे प्रमुख कमांडर सामंत, मराठी माणूस, महावीरचक्र! शाळेत एक ओळ तरी शिकवली का? १० डिसेंबरला बांगलादेशातल्या खुलन्याजवळ दोन्ही बोटी बुडाल्या, तेही आपल्याच विमानांच्या माऱ्यात.

बर्डी_एक्स्प्रेस
बंदराच्या बोटी हौशी कधीपासून झाल्या बे?

वायुसेनानगरवाले_काका
"आपल्याच विमानांच्या" म्हणताना जरा जपून. हवाई दलाच्या मेंटेनन्स कमांडमधून रिटायर झालोय, वैमानिकांसोबत आयुष्य गेलं. पाकिस्ताननेही तिथे नागरी बोटींवर तोफा बसवल्या होत्या. वरून वेगात जाताना कोणती कोणाची, हे घरी चहा पिता पिता सांगणं सोपं आहे.

विदर्भपुत्र
काका, दोष देऊन नाही राहिलो. पण इंजिनरूममधले नौसैनिक रुहुल अमीन 'पलाश'चं इंजिन वाचवायला थांबले अन् गेले. बांगलादेशने त्यांना बीरश्रेष्ठ, म्हणजे तिथला सर्वोच्च शौर्य सन्मान, दिला. आपण त्या दिवसाबद्दल बोललो की लगेच राग येतो!

वायुसेनानगरवाले_काका
राग येणारच. चूक झाली हे नाकारतो कोण? माझं म्हणणं एवढंच की नागरी बोटीला तोफ लावली की ती सगळ्यांसारखीच दिसते. ओळख पटवायचं काम बोट घेण्याआधी व्हायला हवं.

अंबाझरी_पीडित
तुमचं ७१ चालू द्या. २३ सप्टेंबर २०२३ ला नागपूरचा अंबाझरी तलाव ओसंडला, आमचा फ्रिज हॉलमध्ये तरंगत होता, म्हाताऱ्या आईला माळ्यावर चढवलं. बोट आली तोवर उजाडून गेलं होतं. कोण्या हौशी माणसाची असती तर मी पाय धरले असते. मी धरमपेठकरांच्या बाजूने.

बर्डी_एक्स्प्रेस
म्हणजे तलावातल्या पायडल बोटींवर मशीनगन लावायची?

अंबाझरी_पीडित
तुमच्या घरात पाणी नाही ना शिरलं, मग हसा.

धरमपेठकर
पूर अन् युद्ध वेगळं, मान्य. पण काकांनी माझाच मुद्दा पक्का केला. शांततेतच नोंदणी, नंबर, सराव. अमेरिकेने १९१६ मध्येच नौदलाच्या राखीव दलाचा कायदा केला होता. ऐनवेळी गोळा केलेल्या बोटींचं कौतुक मी कुठे केलं?

बर्डी_एक्स्प्रेस
बरं बाबा, बंदराच्या तोंडाशी हौशी बोटी चालतील. शत्रू आला नाही तर फारच छान चालतात.