मदत हवी आहे : नॉर्वेची किनारी बोट आणि वार्डो

बर्गनहून किर्कनेसला जाणारी किनारी बोट कुणी केली आहे का? ३४ बंदरं, जाऊन-येऊन १२ दिवस. टपाल, माल आणि माणसं नेण्यासाठी १८९३ मध्ये सुरू झालेली ही सेवा आहे, त्यामुळे तरंगत्या हॉटेलाचा थाट नको असलेल्या आमच्यासारख्यांना ती बरी वाटते. मी आणि आई (वय ६८) मार्चमध्ये जायचं म्हणतोय.

खरी ओढ आहे ती वरच्या टोकाच्या मेहामन, बेर्लेवॉग, वार्डो या गावांची. वार्डोत स्टाइलनेसेटचं स्मारक बघायचंय. सतराव्या शतकात चेटूक केल्याच्या आरोपावरून मारल्या गेलेल्या ९१ जणांसाठी तिथे ९१ खिडक्या आहेत आणि प्रत्येक खिडकीत एक दिवा. पण जाताना बोट तिथे पहाटे पोचते आणि लगेच निघते. तिथेच उतरून एक रात्र राहायचं आणि दुसऱ्या दिवशीची बोट धरायची, असं एकाच तिकिटावर जमतं का? की तुकड्यातुकड्यांनी तिकिटं काढावीत?

दुसरी काळजी आईच्या पोटाची. गेटवे ते मांडवा एवढ्यातच तिने माझी ओढणी घट्ट धरून डोळे मिटून घेतले होते! उत्तर केपच्या पुढे बॅरेंट्स समुद्र उघडा आहे, आडोसा देणारी बेटं नाहीत. खालच्या मजल्यावरची, मधली केबिन घेतली तर फरक पडतो का?

आणि हो, ती मासे खात नाही. थेपले, मेतकूट नेणारच आहे, पण बोटीवर गरम भात मिळेल का?