राउटरसाठी मिनी यूपीएस: भुसावळच्या उन्हात टिकेल का?

मंडळी, मदत हवी आहे. घरून काम करतो, लाईट सारखी जाते-येते. भाड्याचं घर, इन्व्हर्टरला घरमालकाची ना. फायबरचा राउटर १२ व्होल्ट, १.५ अँपिअरचा.

पीडी (यूएसबी पॉवर डिलिव्हरी, फास्ट चार्जिंगची पद्धत) पॉवर बँक आणि तिच्याकडून १२ व्होल्ट मागून घेणारी ट्रिगर केबल लावून पाहिली. पीडीचे ठरलेले टप्पे ५, ९, १५, २० व्होल्ट. १२ सगळ्याच बँका देत नाहीत. माझी देते, पण लाईट जाताच क्षणभर आउटपुट तुटतं. राउटरचे दिवे विझतात, मग पुन्हा एकेक लुकलुकत येतात, तोवर मीटिंग गेलेली असते. केबल, चार्जर बदलून फरक शून्य.

शिवाय उष्णता. मे महिन्यात पारा ४५ च्या वर, आणि साध्या लिथियम-आयन सेलच्या चार्जिंगची मर्यादाच साधारण ४५ अंश. वर पत्र्याचं छत. म्हणून उष्णता जास्त सोसणाऱ्या लिथियम फेरो फॉस्फेट सेलचा मिनी यूपीएस घ्यायचं मनात आहे. (कूलरसमोर ठेव म्हणू नका, तोही लाईटवरच चालतो!)

दोन तास बॅकअप पुरे, बजेट तीन हजार. जळगाव-धुळ्याकडे असा यूपीएस कुणी अख्खा उन्हाळा वापरलाय का? सेल फुगले का, आणि लाईट जाताना राउटर रीस्टार्ट होतो का?