१३ आठवड्यांच्या नर्सला फ्रेश हार्ट द्यावं का?

जुनी_चार्ज:
अमेरिकेतल्या सीव्हीआयसीयूत, म्हणजे हृदयरुग्णांच्या अतिदक्षता विभागात, ट्रॅव्हल नर्स, म्हणजे ठरावीक आठवड्यांच्या कंत्राटावर बाहेरून येणाऱ्या नर्स, आता नेहमीच्याच झाल्यात आणि हा वाद आमच्या युनिटवर सारखा पेटतो. कंत्राट बहुधा १३ आठवड्यांचं, ओरिएंटेशन एखाद-दोन शिफ्टचं. माझं मत सरळ आहे: पहिले दोन आठवडे त्यांना फ्रेश हार्ट, म्हणजे हृदयाच्या बायपास किंवा व्हॉल्व्हच्या शस्त्रक्रियेनंतर ऑपरेशन थिएटरमधून थेट येणारा पेशंट, देऊ नये. त्यांना काम येत नाही असं म्हणणं नाही. पण छातीतल्या निचऱ्याच्या नळीतून (चेस्ट ट्यूब) भरपूर येणारं रक्त अचानक थांबलं, सीव्हीपी (हृदयाजवळच्या मोठ्या शिरेतला दाब) चढला, बीपी घसरला, की टॅम्पोनेड, म्हणजे साठलेल्या रक्ताने हृदय दाबलं जाणं, समजून छाती उघडायच्या तयारीला लागावं लागतं. तेव्हा छाती उघडायच्या हत्यारांचा ट्रे कुठल्या कपाटात, रात्री फोन थेट सर्जनला की आधी रेसिडेंटला, हे विचारत बसायला वेळ नसतो.

बॅग_भरलेली:
मग आम्हाला बोलावता कशाला? मुलाखतीत बलून पंप येतो का, इम्पेला येतो का (दोन्ही हृदयाला आधार देणारी यंत्रं), सीआरआरटी (सलग चालणारं डायलिसिस) येतं का, सगळं विचारता. आल्यावर मात्र उद्या वॉर्डात जाणारे दोन स्थिर पेशंट हातात देता. फ्लोट करायची, म्हणजे दुसऱ्या युनिटवर पाठवायची, वेळ आली की पहिलं नाव आमचंच.
ट्रे कुठे आहे हे दोन आठवडे मुरून कळत नाही, पहिल्या दिवशी कुणी दाखवला तर कळतं. नव्या युनिटवर मी आधी तोच शोधते. आणि हृदयशस्त्रक्रियेनंतरच्या अरेस्टसाठी (हृदय बंद पडलं तर) अमेरिकेतल्या थोरॅसिक सर्जनांच्या संघटनेने, एसटीएसने, २०१७ मध्ये जे सांगितलंय ते कुठल्याही राज्यात तेच आहे: व्हीएफ (हृदय नुसतं थरथरणं) असेल आणि मिनिटाच्या आत देता येत असतील तर आधी लागोपाठ तीन शॉक, मग कॉम्प्रेशन, म्हणजे छाती दाबणं. अॅड्रेनलिनचा १ मिलिग्रॅमचा नेहमीचा डोस सरसकट नाही. पाच मिनिटांत छाती उघडायची. तुमच्या कायमच्या स्टाफपैकी कितीजणींनी याचा सराव केलाय, विचारा एकदा.

जुनी_चार्ज:
सराव कमी पडतो, मान्य. पण सगळं सगळीकडे तेच नसतं. बीपी वाढवणारं नॉरएपिनेफ्रिन काही ठिकाणी मायक्रोग्रॅम प्रति मिनिट चालतं, काही ठिकाणी प्रति किलो प्रति मिनिट. ८० किलोच्या माणसाला किलोमागे ०.१ म्हणजे पहिल्या पद्धतीत ८. स्मार्ट पंप बहुतेक चुका अडवतो, पण हँडओव्हरला कुणी नुसतं ‘आठवर आहे’ म्हटलं की नवीन माणसाच्या डोक्यात कुठला आकडा बसेल? एक्मोचंही (शरीराबाहेर रक्तात ऑक्सिजन मिसळणारं यंत्र) तसंच. कुठे त्याचं सर्किट परफ्युजनिस्ट, म्हणजे अशा यंत्रांचा तंत्रज्ञ, बघतो, कुठे नर्सच. कोणत्या नॉबला हात लावायचा नाही, हे त्या त्या युनिटचंच असतं.

कायमची_रात्रपाळी:
मी कायमची स्टाफ आहे आणि तरीही चार्ज ताईंच्या विरोधात. दोन आठवडे ट्रॅव्हलरला फ्रेश हार्ट नाही म्हणजे दोन आठवडे ते पेशंट आमच्यातल्याच त्याच चौघींकडे. जी आठवड्याला आमच्याहून जास्त पगार घेते तिला हलके पेशंट, आणि आम्ही तासातासाला छातीच्या नळीतून येणारं रक्त (ड्रेन) मोजत बसायचं? याच रागातून माणसं राजीनामा देतात आणि पुढच्या महिन्यात स्वतःच ट्रॅव्हल करायला लागतात. (मीही अर्ज भरून ठेवलाय, ते सोडा.)

बॅग_भरलेली:
पैशांचं जरा थांबा. २०२१ चे दर कधीच उतरलेत. राहण्या-जेवणाचा भत्ता करमुक्त मिळतो तो दुसरीकडे स्वतःचं घर चालवत असलात तरच, आणि एका ठिकाणचं काम वर्षाच्या वर जाणार असेल तर तेही संपतं. पगारी रजा नाही. पेशंट कमी झाले की कंत्राट मधेच रद्द.

आकडेवाला:
नर्सिंगच्या संशोधक लिंडा एकन यांचा २००२ चा पेनसिल्व्हेनियातला अभ्यास बघा. शस्त्रक्रियेच्या पेशंटांत, दर नर्समागे एक पेशंट वाढला की तीस दिवसांतल्या मृत्यूची शक्यता ७ टक्क्यांनी जास्त. खाटेपाशी नर्सच कमी असण्यापेक्षा अनोळखी हात बरे.

जुनी_चार्ज:
त्या ७ टक्क्यांत ट्रॅव्हलरचा प्रश्नच विचारलेला नाही. नर्स किती असाव्यात हा एक मुद्दा, आलेलीला काय द्यावं हा दुसरा. पहिल्यावर आपलं भांडण नाहीच.
रात्रपाळीचं म्हणणं मात्र लागलं. फ्रेश हार्ट आत येताना नाहीतरी दोघी लागतात, एक लाइन्स (शिरांमधल्या नळ्या) आणि हृदयाचे ठोके चालू ठेवणाऱ्या पेसिंग वायर बघते, दुसरी ड्रेन आणि नोंदी. पहिला आठवडा ट्रॅव्हलरने दुसरी म्हणून उभं राहावं, मग स्वतःचा पेशंट घ्यावा. दोनाचा एक केला.

बॅग_भरलेली:
आठवडा कशाला? एक शिफ्ट. तीही ट्रे दाखवला असेल तर.

जुनी_चार्ज:
तीन.