बे एरिया: मागच्या अंगणात एडीयू, पण सिटी म्हणते ‘एफएआर संपला’

अंगणवाला:
प्लॉट ६० बाय १००, घर १,६५० चौ. फूट, शिवाय दोन गाड्यांचं गॅरेज. मागे आई-बाबांसाठी दोन बेडरूमचं सुटं एडीयू (मूळ घराच्याच प्लॉटवरचं दुसरं छोटं, स्वतंत्र घर) हवंय, ८०० चौ. फूट. सिटीच्या परमिट काउंटरवर सांगितलं की एफएआर (प्लॉटच्या मानाने एकूण किती बांधकाम चालतं ते प्रमाण) संपला, फार तर ५०० मिळेल. खरंय का? आणि कुंपणापासून ४ फूट सोडले की झालं ना?

नकाशा_नीट:
खरं नाही. ८०० चौ. फूट, १६ फूट उंची, बाजूला आणि मागे ४ फूट: एवढ्यात बसणारं एडीयू कॅलिफोर्नियातली कुठलीही सिटी एफएआर किंवा लॉट कव्हरेज (प्लॉटचा किती भाग बांधकामाने झाकायचा ती मर्यादा) दाखवून अडवू शकत नाही. काउंटरवर वाद घालू नका, रीतसर अर्ज टाका. गव्हर्नमेंट कोडची कलमं ६६३१० पासून पुढे आहेत, ती प्लॅनच्या पहिल्याच पानावर लिहा. अर्ज पूर्ण असेल तर ६० दिवसांत निर्णय द्यावा लागतो. नाकारला तर काय काय चुकलं ते सगळं लेखी द्यावं लागतं.

पण आधी टायटल रिपोर्ट (जागेच्या मालकीचा आणि तिच्यावरच्या हक्कांचा अहवाल) काढून मागच्या कडेला युटिलिटी ईझमेंट (वीज-पाण्याच्या लाइनसाठी मोकळी ठेवायची पट्टी) आहे का बघा. ४ फुटांचा हक्क ईझमेंटवर चालत नाही.

दोनबायचार:
‘४ फूट सोडले की झालं’ इथेच लोक फसतात. ४ फूट हा प्लॅनिंगचा नियम, बिल्डिंग कोडचा नाही. स्प्रिंकलर (आग लागली की छतातून पाणी फवारणारे नळ) नसतील तर हद्दीपासून ५ फुटांच्या आतली भिंत एक तास आगीला टिकणारी लागते, खिडक्या-दारं त्या भिंतीच्या २५ टक्क्यांपर्यंतच, आणि बाहेर आलेल्या छपराची खालची बाजूही तशीच बांधावी लागते. (मूळ घराला स्प्रिंकलर बंधनकारक नसतील तर एडीयूलाही लागत नाहीत.) भिंत ५ फुटांवर घेतली तर भिंत आणि खिडक्यांचा प्रश्न मिटतो, छपराचा मात्र राहतो. बेडरूमची सुटकेची खिडकी त्या बाजूला येणार असेल तर हा हिशोब आधी करा.

अंगणवाला:
मागे ५ फुटांचं ईझमेंट निघालं, म्हणजे तिथे तसंही सरकावं लागणार. विजेचा मेन पॅनल १०० अँपिअरचा आहे, चालेल?

गटारगंगा:
हीट पंप, इंडक्शन आणि विजेवरचा गीझर धरून लोड कॅल्क्युलेशन (एकूण किती वीज लागेल त्याचा हिशोब) करून घ्या. बहुतेकदा २०० लागतो. वीज कंपनीकडचा अर्ज प्लॅन दाखल कराल त्याच दिवशी टाका, परमिटची वाट बघत बसू नका. सगळ्यात जास्त तिथेच रखडतं. सुट्या नव्या बांधकामाला सोलरही सहसा लागतं, ते याच हिशोबात धरा.

त्याहून महत्त्वाची सांडपाण्याची लाइन. उतार फुटाला पाव इंच. मागून पुढच्या लाइनपर्यंत ८० फूट असेल तर २० इंच उतार झाला. जोडायचं तिथे क्लीनआउट (पाइप साफ करायचं झाकणाचं तोंड) उघडून पाइपाची खोली मोजा. खोली पुरली नाही तर पंप बसवावा लागतो, नाहीतर एडीयूची जमीन उचलावी लागते. जमीन उचलली की १६ फुटांची उंची आवळते, आणि आई-बाबांना पायऱ्या येतात.

नकाशा_नीट:
आणि ८०० ऐवजी ७४९ चा विचार करा. ७५० च्या खाली इम्पॅक्ट फी (नव्या बांधकामामुळे सार्वजनिक सोयींवर पडणाऱ्या भारासाठी घेतात ती) शून्य. वर गेलात तर मूळ घराच्या प्रमाणात, तुमच्या बाबतीत जवळपास निम्मी. शाळेची फी वेगळी, ती ५०० च्या वर लागतेच. ५१ चौ. फूट म्हणजे एक बऱ्यापैकी बाथरूम, तेव्हा सिटीचा फीचा तक्ता समोर ठेवूनच ठरवा.