उलानबातारहून एका दिवसात: तेरेल्ज की हुस्ताई? (आई + 9 वर्षांचा मुलगा + शाकाहारी)

कोथिंबीरवडी
नमस्कार मंडळी. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात नवऱ्याची मंगोलियात उलानबातारला कॉन्फरन्स आहे आणि शेपटासारखे आम्ही तिघं सोबत निघालोय, मी, माझी आई (वय 64, गुडघे बोलतात पण ती ऐकत नाही) आणि लेक (वय 9, घोड्यांचं वेड, म्हणजे वेडच, पडद्यापासून पेन्सिलबॉक्सपर्यंत सगळीकडे घोडे). शहराबाहेर जायला पूर्ण दिवस एकच मिळतोय. नेटवर सगळीकडे तेच ते पॅकेज दिसतंय, सकाळी निघा, चंगीझखानाचा मोठा पुतळा, मग तेरेल्ज नॅशनल पार्क, कासवाचा खडक, देऊळ, गेरमध्ये (तिथलं गोल तंबूघर) जेवण, घोडेस्वारी, संध्याकाळी परत. एका दिवसात हे झेपेल का? की दुसरं हुस्ताई म्हणून पार्क आहे तिकडे जावं? गाइडबरोबरच जायचंय, स्वतः गाडी चालवायची नाही. आणि आम्ही तिघंही शाकाहारी, हसू नका.

लिंबूटिंबू
शाकाहारी आणि मंगोलिया 😂 सॉरी, तुम्ही नको म्हणालात तरी हसलो. शुभेच्छा.

वाळूचं_घड्याळ
ताई, मी रिफायनरीच्या कामानिमित्त सैनशांदला दोन वर्षं होतो (भारताच्या कर्जातून जी उभी राहतेय तीच), महिन्यातून एकदा उलानबातारला चक्कर व्हायची आणि पाहुणा आला की त्याला तेरेल्जला नेणं हे माझं ठरलेलं काम, त्यामुळे निदान सात-आठ वेळा तरी गेलोय.

झेपतं, पण घड्याळाकडे बघत झेपतं. पुतळा शहरापासून पूर्वेला 54 किमीवर, त्सोन्जिन बोलदोग नावाची जागा. कासवाचा खडक साधारण 65-70 किमी, पण दोन्हीचे रस्ते पुढे फुटतात, म्हणजे एक बघून मागे येऊन दुसरीकडे वळायचं. अंतर काहीच नाही, आपल्याकडे पुणे-लोणावळा, पण उलानबातारचं ट्रॅफिक म्हणजे हिंजवडीला लाज वाटेल असं, शहरातून बाहेर पडायलाच कधीकधी तास जातो. आठला गाडीत बसला नाहीत तर दिवस गेला समजा.

पुतळा भव्य आहे यात वाद नाही. 40 मीटर उंच, 250 टन स्टेनलेस स्टील, 2008 सालचा, खाली 36 खांबांची गोल इमारत, चंगीझ ते लिगदान असे 36 खान म्हणून 36 खांब. आत एक अवाढव्य मंगोल बूट आहे, मुलं त्याच्यापुढे फोटो काढतात. लिफ्ट आहे पण शेवटी अरुंद जिना चढून घोड्याच्या डोक्यावर यायचं, आईंना खालीच कॉफी पाजा. सोन्याचा चाबूक त्याला तिथे सापडला अशी दंतकथा आहे म्हणून पुतळा तिथे. खरं सांगू, अर्ध्या तासात बघून होतं, त्यानंतर माळरान आणि पार्किंग.

तेरेल्ज मात्र सुंदरच. जवळपास 3 हजार चौरस किमीचं पार्क, आपण बघतो तो दक्षिणेचा छोटा तुकडा, ग्रॅनाइटचे झिजून गोल झालेले खडक, मधून नदी, आणि सप्टेंबरात लार्चची झाडं पिवळी व्हायला लागतात. पण कासवाच्या आसपास आता गेर कॅम्पची इतकी गर्दी झालीय की रविवारचं महाबळेश्वर आठवतं. आर्यबल देवळापर्यंत चढ आहे आणि वर परत 108 पायऱ्या. वाटेत बुद्धवचनांच्या पाट्या आहेत, त्या वाचत दम खात लोक चढतात. गुडघे बोलणाऱ्यांनी खालूनच नमस्कार करावा.

आईंना देऊळच बघायचं असेल तर शहरातच गंदन मठ आहे, आत 26 मीटरच्यावर उंच जानराइसिगची मूर्ती, म्हणजे आपला अवलोकितेश्वर. तेरेल्जचं आर्यबलही त्याच्याच नावावरून. तिथे चढायचं काही नाही.

उंट_अरबाचा_नाही
@वाळूचं_घड्याळ बरोबर बोलताय, फक्त एक, गर्दी जुलैत नादाम सणाच्या सुट्टीत असते (11 जुलैपासून), सप्टेंबरात बरीच ओसरते.

अवांतर: चंगीझखान मुसलमान होता असं इथे कोणी लिहायच्या आधीच लिहून ठेवतो, नव्हता. खान ही पदवी आहे, तो आभाळाला मानणारा माणूस, तेंग्री.

लिंबूटिंबू
मी लिहिणारच होतो 😶

भूर्जपत्र
कोथिंबीरवडी, मुलगा घोड्यांचा वेडा आहे आणि तुम्ही हुस्ताई "दुसरं म्हणून" लिहिता? 🙂

हुस्ताईत ताखी आहेत. ज्याला बाहेरचं जग प्रझेवाल्स्कीचा घोडा म्हणतं तो. माणसाने घरात बांधलेल्या घोड्याला 64 क्रोमोझोम, याला 66. छोटा, दणकट, फिकट तांबूस पिवळा, पोट पांढरट, आयाळ उभी, खेचरासारखी, कपाळावर झुलपं नाही. 1969 मध्ये गोबीत शेवटचा मोकळा ताखी दिसला आणि नंतर जंगलात एकही उरला नाही, होते ते फक्त प्राणिसंग्रहालयात, तेही मोजक्या घोड्यांची वंशावळ. नेदरलँड्समधल्या लोकांनी ते जमवून वाढवले आणि 1992 पासून विमानाने इथे आणून सोडायला लागले. आता हुस्ताईत तीनशेच्या वर आहेत आणि तिथेच जन्मलेले आहेत. तुमच्या लेकाला हे आधी सांगा आणि मग विचारा त्याला पुतळ्यातला स्टीलचा घोडा बघायचाय का हा.

पण वेळेचं गणित वेगळं आहे आणि इथेच लोक फसतात. ताखी दुपारी वाऱ्यासाठी डोंगरमाथ्यावर जातात, खाली पाण्यावर येतात ते सकाळी लवकर किंवा संध्याकाळी. नेहमीची डे ट्रिप 9 ला निघून 11-12 ला पोचते, तीनला परत निघते, आणि लोक येऊन लिहितात की काहीच दिसलं नाही. दिसणार कसं! सुमारे 100 किमी पश्चिमेला, शेवटचा तुकडा कच्चा, ट्रॅफिक धरून दोन-अडीच तास. तेव्हा उशिरा निघा, अकरा-साडेअकराला. आजूबाजूच्या पशुपालकांपैकी कोणाच्या गेरमध्ये उशिरा जेवा, चारनंतर पार्कात शिरा आणि सूर्यास्तापर्यंत थांबा (तेव्हा साडेसातच्या सुमारास होतो). परत यायला दहा वाजतील. ऑपरेटरला हे बुकिंगच्या वेळीच लिहून कळवा कारण ड्रायव्हरला लवकर घरी जायचं असतं.

दुर्बीण न्या. मराल हरणंही असतात, सप्टेंबरात नर ओरडायला लागतात, तो आवाज ऐकण्यासारखा. मार्मोट (बिळात राहणाऱ्या जाडजूड खारी) लांबूनच बघायचे, त्यांच्याकडून प्लेग होऊ शकतो, तिथले लोकही जपतात.

(हुस म्हणजे भूर्ज, हुस्ताई म्हणजे भूर्जवाली. माझा आयडी बघून पक्षपाती म्हणाल तर म्हणा.)

सोलापुरी_चादर
गाइड निवडताना जपा. मी आणि मिस्टर मागच्या वर्षी एका हॉस्टेलच्या ग्रुप टूरने तेरेल्जला गेलो, नाव लिहित नाही, माणशी 70 डॉलरच्या आसपास घेतले आणि वर पार्कची फी वेगळी, पुतळ्याचं तिकीट वेगळं, घोडा वेगळा, आणि जाताना चाळीस मिनिटं कॅशमिअर लोकरीच्या दुकानात बसवलं. गाइड म्हणून जी मुलगी होती ती बिचारी कॉलेजची, इंग्लिश छान पण सगळी माहिती फोनमध्ये बघून वाचत होती. मला सांगा मग मी घरी बसून वाचलं असतं की.

खडकाजवळ रस्त्यावर गरुड हातावर घेऊन फोटो काढायला माणसं उभी असतात. मला ते बघवलं नाही, दिवसभर बांधलेला पक्षी. गरुडाने शिकार करणारे खरे लोक पश्चिमेकडचे कझाक, ते इथून हजार-दीड हजार किमी लांब.

वाळूचं_घड्याळ
+1. चौघे असाल किंवा तिघे, खाजगी गाडी + गाइडच घ्या, ग्रुप टूरपेक्षा फार महाग पडत नाही आणि आईंसाठी कुठेही थांबता येतं. विचारायचे प्रश्न: किमतीत काय काय धरलंय, गाइड आणि ड्रायव्हर वेगळे आहेत की एकच, मुलाच्या मापाचं हेल्मेट आहे का (बहुतेक ठिकाणी नसतं, असं म्हणाले तर घोडा कोणीतरी दोरीने धरून चालवेल एवढंच कबूल करा). घोड्याच्या नेहमी डाव्या बाजूने जायचं. "चू" म्हटलं की चालतो. विम्यात घोडेस्वारी धरलीय का तेही बघा.

गंमत म्हणजे तिथे गाड्या उजवीकडून चालतात पण निम्म्या गाड्या जपानहून आलेल्या जुन्या प्रियस, स्टिअरिंगही उजवीकडे. ओव्हरटेक करताना डावीकडे बसलेल्याने बघून सांगायचं. पुढे बसू नका.

कोथिंबीरवडी
बापरे, किती माहिती! भूर्जपत्र, तुमची पोस्ट लेकाला वाचून दाखवली, तो विषय संपला. हुस्ताई. आता दोन शंका, 1) आईसाठी टॉयलेट 2) जेवण. आई म्हणतेय मी दशम्या घेऊन येते. मी म्हटलं परदेशात कुणाच्या घरी डबा उघडणं बरं दिसत नाही.

सोलापुरी_चादर
घ्या हो दशम्या! शेंगाचटणी पण. आम्ही मेतकुटावर दोन दिवस काढले.

वाळूचं_घड्याळ
1) पशुपालकाच्या गेरजवळ म्हणजे लांब एक लाकडी खोकं, आत खड्डा आणि दोन फळ्या. आईंना अवघड जाईल. पार्कच्या प्रवेशाजवळ माहिती केंद्र आणि कॅम्प आहे तिथे व्यवस्थित सोय आहे, आधी तिथे थांबा.

2) "माखगुई" हा शब्द पाठ करा, माख म्हणजे मांस, गुई म्हणजे नाही. पण नुसतं तेवढं सांगितलं तर तेच शिजवलेलं आणून त्यातले तुकडे वेचून काढतात, गाइडने आदल्या दिवशी फोन करून सांगायला हवं. मग त्सुइवान मिळतं, घरी लाटलेल्या शेवया, कोबी, गाजर, बटाटा. चहा खारट आणि दुधाचा असतो, सूतेई त्साई, चहा समजू नका, सूप समजा, मग आवडतो.

डबा उघडायला हरकत नाही, उलट त्यांनाही द्या. गेरमध्ये उंबऱ्यावर पाय द्यायचा नाही (आपल्यासारखंच), मधल्या खांबांना टेकायचं नाही, दोन खांबांमधून वस्तू द्यायची नाही, डावीकडून आत शिरायचं. काही दिलं की उजव्या हाताने घ्या, डावा हात कोपराला. नको असेल तरी ओठाला लावून परत द्या.

भूर्जपत्र
आणि कपडे! दिवसा ऊन असलं तरी सूर्य गेला की पंधरा मिनिटांत थंडी झोंबते. टोपी, जाड जॅकेट, आईंना पायमोजे दोन.

कोथिंबीरवडी
परत आलो मंडळी, आता वृत्तांत. मोठा आहे, चहा घेऊन बसा.

खाजगी गाडी घेतली, गाइड चाळिशीतली बाई, शाळेत जीवशास्त्र शिकवते आणि सुट्टीत हे काम करते, आणि खरं सांगते ती नसती तर दिवस फुकट गेला असता. साडेअकराला निघालो, शहराबाहेर पडेपर्यंत पाऊण तास. मग एकदम काहीच नाही. झाड नाही, कुंपण नाही. आई म्हणाली, "इथे माणसाचं नाव कोण ठेवत असेल, हाक मारायला कोणी नाही."

वाटेत टेकाडावर दगडांचा ढीग आणि त्यावर निळी फडकी, ओवो. गाइडने सांगायच्या आत आईने चप्पल काढून तीन प्रदक्षिणा घातल्या, आपल्याच दिशेने, दगड वाहिला, हात जोडले. गाइड बघतच राहिली. तिला वाटलं आई आधी येऊन गेलीय.

गेरमध्ये त्सुइवान मिळालं, माखगुई खरंच माखगुई होतं. आईने दशम्या काढल्या, घरच्या आजींनी एक खाल्ली आणि तोंड पुसून आरूल दिलं. आरूल म्हणजे चक्का वाळवून त्याचा दगड केलाय. आईच्या कवळीचं काय होणार या विचाराने मला घाम फुटला, पण तिने तो गालात धरून ठेवला आणि दीड तास चघळला. लेकाला तिथेच त्यांच्या मुलाने घोड्यावर फिरवलं, दोरी धरून, चू चू करत. "गेर म्हणजे घर" हे त्याला आपोआप कळलं (योगायोग असावा).

चारला पार्कात. साडेपाचपर्यंत फक्त मार्मोट. सहा वाजले, काही नाही. ड्रायव्हर घड्याळ बघायला लागला, मी पण. तेवढ्या वेळात गाइडने लेकाला ग्रह शिकवले, मंगोलियनमध्ये. बुधाला बुद, शुक्राला सुगर, मंगळाला अंगराग, गुरूला बार्हसबादी, शनीला सांचिर. मी म्हटलं हे तर आमचे आहेत! ती म्हणाली हो, बौद्ध धर्मग्रंथांबरोबर आले, शाळेत आम्हीही हेच शिकवतो. आई लगेच विचारते, मग संकष्टी पाळता का.

सात वाजायच्या सुमाराला डोंगरावरून ओळीने ठिपके उतरले. अकरा. लेकाने मोजले, मग परत मोजले, एक शिंगरू होतं ते आधी दिसलं नव्हतं, म्हणजे बारा. ओढ्यावर आले, पाणी प्यायले, नर बाजूला उभा राहून आमच्याकडे बघत होता. लांब होते, फोटोत मुंग्या आल्यात, विचारू नका. लेक इतका वेळ न बोलता पहिल्यांदाच उभा राहिला असेल.

सव्वादहाला हॉटेल. आई जेवता जेवता म्हणाली, "मंगोलियाला येऊन चंगीझखान नाही बघितला असं मी बायकांना काय सांगू?" मग दुसऱ्या दिवशी सकाळी तिला मोठ्या चौकात नेलं, सरकारी इमारतीसमोर तो बसलेला पुतळा आहे. तिने वर बघितलं आणि म्हणाली, "बसलाय, बरं आहे, याचेही गुडघे दुखत असतील." तिथून गंदनला, तिथे मात्र ती तासभर हलली नाही.

चूक एकच, पायमोजे दोन घ्यायला सांगितलं होतं, मी एकच घेतला.

भूर्जपत्र
बारा! 🙌 मला सहाच दिसले होते.

लिंबूटिंबू
हे वाचून मी जानेवारीत जायचा विचार करतोय, स्वस्त आहे तेव्हा.

वाळूचं_घड्याळ
जानेवारीत रात्री उणे 30 असतं आणि शहरात कोळशाचा धूर. स्वस्त का आहे ते कळलं?

सोलापुरी_चादर
कोथिंबीरवडी, आरूल आणलंत का थोडं?

कोथिंबीरवडी
आणलंय हो. आई भिजवून त्याची कढी करायला निघालीय, उद्या सांगते.